कापून टाकलेली कड

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझी कातडी झिजली आहे, काच अजून स्वच्छ आहे आणि स्वभाव तिरसट आहे. नेपल्स शहरातल्या एका उताराच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत, मी खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या एका बाजूला हातमोजे ताणून बसवायचे लाकडी पंजे लटकतात, दुसऱ्या बाजूला एका मेलेल्या माणसाची टोपी. तिरसटपणा माझ्यात जन्मतः नव्हता. तो मला एका सभ्य गृहस्थाच्या गळ्यात राहून आला.

माझा जन्म दूरच्या एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या बायकांनी माझी काच दिवसेंदिवस घासली, तेव्हा कुठे मला दिसू लागले. माझे पहिले मालक तोमासो. मोठ्या चर्चच्या मागे त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथे लोक केस विंचरून, बटणे लावून, लहान मुलांची नाके पुसून येत. तोमासो काळ्या पडद्याशेजारी उभे राहत आणि प्रत्येकाला विचारत, "काढू का?" समोरच्याने मान हलवली की मगच त्यांचे बोट माझ्या बटणावर येई. ते फोटो फार काही भारी नव्हते. सगळे जण काठी गिळल्यासारखे ताठ. पण ज्याचा फोटो त्याच्याच घरी जाई आणि भिंतीवर लागे. कौतुक म्हणतात ते मी तेवढेच अनुभवले.

तोमासोंची दृष्टी गेली आणि त्यांच्या मुलीने मला विकले. मला घेतले डॉक्टर एदगार्दोने. तो कसलाही डॉक्टर नव्हता. पण आमच्या शहरात बुटांना चकाकी असलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्याच्या बुटांत तर तोंड दिसत असे. टेकडीवरच्या हवेशीर वस्तीत राहायचे आणि फोटो काढायला खाली आमच्या गल्ल्यांत उतरायचे, हा त्याचा उद्योग. त्याचे म्हणणे असे, की आपला फोटो निघतो आहे हे कळले की माणूस खोटा होतो. म्हणून त्याला कळूच द्यायचे नाही. हे सांगताना तो हनुवटी वर करी. मित्रांनो, पाकीटमाराचेही म्हणणे हेच असते, फक्त त्याला हनुवटी वर करायला वेळ नसतो.

मग काय, मी वर्षानुवर्षे चोऱ्या केल्या. तो मला कोटाआड धरी, काच पुसण्याचे नाटक करी, आकाशातले कबूतर बघतो आहे असे दाखवी, आणि खालून माझे बटण दाबी. बाकावर पेंगणारे म्हातारे टिपले. कोपऱ्यात भांडणारी जोडपी टिपली. दोऱ्यांवर वाळणाऱ्या अर्ध्या शहराच्या चड्ड्या टिपल्या, आणि त्या बघून टेकडीवरच्या बायका "काय हे जिवंतपण" म्हणून उसासे टाकत. त्याच्या स्वतःच्या चड्ड्या मात्र मागच्या गच्चीवर, कुणाला दिसणार नाहीत अशा वाळत. फोटो मिळाला की तो लगेच पाय उचली. सत्य शोधणारा माणूस सत्यापासून इतक्या घाईने पळताना मी दुसरा पाहिला नाही.

एका सकाळी तो मला घेऊन याच गल्लीत आला. या घरात त्या पहाटे सबातीनो गेला होता. मासळीबाजारात पेट्या उचलणारा धडधाकट माणूस, उठता उठता कोसळला. दार अर्धे लोटलेले होते आणि त्यावर सुतकाची तिरपी काळी पट्टी चिकटवलेली होती, 'माझ्या नवऱ्यासाठी' असे छापलेली. आत खाटेवर मयत, खाटेशी सबातीनोची आई दोन्ना राफेला; आमच्याकडे थोरल्या बाईला मानाने दोन्ना म्हणतात. बाहेर उंबऱ्याशी खुर्चीवर त्याची बायको कोन्सील्या. ती घरी बसून हातमोजे शिवते. तिचे हात गल्लीत सगळ्यांत नाजूक. त्या दिवशी ते कोपरापर्यंत काळे होते, कारण शेजारणींनी दारात हंडा चढवून तिचे कपडे काळ्या रंगात बुडवले होते आणि ती स्वतःच ते ढवळत बसली होती. तिला काहीतरी करायला हवे होते.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, ही रीत तुमच्याकडे आहे तशीच आमच्याकडेही. कडू घास शेजाऱ्यांनी आणायचा. समोरची दोन्ना तितीना कोंबडीचे सूप आणि पाव घेऊन आली. कोन्सील्या तोंड उघडेना. तेव्हा तितीना म्हणाली, "खा गं. जिवंत होता तेव्हा माझ्या सुपाला भांडी धुतलेलं पाणी म्हणायचा. आज पहिल्यांदा गप्प पडलाय, तेवढ्यात खाऊन घे."

कोन्सील्याच्या तोंडात पावाचा तुकडा होता. तिला हसू फुटले. चांगले मोठे, डोळे मिटून, वाडगा धरलेले काळे हात हलतील असे. समोरच्या छपराआडून एदगार्दोने नेमके तेव्हा माझे बटण दाबले. पुढच्याच क्षणी ते हसू मोडले आणि ती वाडग्यावर वाकून रडू लागली. त्याचा फोटो त्याने काढला नाही. रडणाऱ्या बायका त्याच्याकडे आधीच पुष्कळ होत्या.

घरी अंधाऱ्या खोलीत फोटो उतरवताना त्याने डावीकडची सगळी कड कापून टाकली. दार गेले, काळी पट्टी गेली, दाराची फट गेली. उरली ती उन्हात बसून पाव खाणारी, खळखळून हसणारी बाई. तो फोटो एका सचित्र साप्ताहिकात पानभर छापून आला. खाली एदगार्दोचे नाव, आणि त्याच्याच लेखणीतून उतरलेली ओळ: 'कष्टांनी काळवंडलेले हात, तरी तोंडभर हसू.' कपड्याचा रंग आणि कष्ट यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला लोक कलावंत म्हणत होते. टेकडीवर त्याच्या पाठीवर थापा पडल्या आणि त्याने तो फोटो एका मोठ्या स्पर्धेलाही पाठवून दिला.

साप्ताहिक फिरत फिरत या गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानात आले. गल्लीला ओळ वाचायची गरज नव्हती. हातांचा रंग बघूनच दिवस कोणता ते सगळ्यांना कळले. पुढचे मला तितीनाने इतक्या वेळा ऐकवले आहे की मी तिथे नव्हतो असे मला वाटतच नाही. दोन्ना राफेलाने ते पान फाडून आणले आणि सुनेपुढे टाकले. "माझा मुलगा आत खाटेवर होता," ती म्हणाली, "आणि तू दारात दात काढत होतीस." खोली राफेलाच्या नावावर होती. सबातीनोच्या वर्षाच्या प्रार्थनेला कोन्सील्याने घरच्यांबरोबर चालायचे नाही, आणि प्रार्थना झाली की या खोलीतून निघायचे, असे तिने सांगून टाकले. कोन्सील्याला माहेर उरले नव्हते. ती जाणार कुठे?

तितीनाने हसवल्याचे कबूल केले, शपथा घेतल्या. राफेला म्हणाली, तुझ्या जिभेवर विश्वास ठेवू की माझ्या डोळ्यांवर? गल्लीनेही फोटोचीच बाजू घेतली. ज्या मुलीला ही गल्ली ती रांगत होती तेव्हापासून ओळखत होती, तिच्यापेक्षा टेकडीवरून आलेला कागद खरा ठरला. फोटो खोटे बोलत नाही म्हणे! मित्रांनो, हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका. मी आयुष्यभर फोटोच काढले आहेत.

एका रविवारी दुपारी कोन्सील्या आणि तितीना टेकडीवर एदगार्दोच्या घरी आल्या. तो जेवायला बसला होता. कोट नव्हता, गळ्यात रुमाल खोचलेला आणि केस बसावेत म्हणून डोक्याला जाळी. मी शेजारच्या कपाटावर होतो. कोन्सील्याला ओळखताच त्याचा चेहरा फुलला. त्याला वाटले, बाई आभार मानायला आली आहे.

"मी तुम्हाला अमर केलंय, बाई," तो म्हणाला.

"अमर होऊन राहू कुठे, डॉक्टर? सासू घराबाहेर काढतेय."

तिने सगळे सांगितले आणि अख्खा फोटो मागितला, दारासकट, पट्टीसकट. दारावरची पट्टी दिसली की लोकांना ते घर सुतकातले आहे आणि तो घास कडू आहे, एवढे तरी आठवेल. एदगार्दोने तिला चौकट, तोल, छाया-प्रकाश यांवर भाषण दिले. कापलेला भाग म्हणजे फोटो नव्हेच. शिवाय स्पर्धेचा निकाल लागायचा होता. अशा वेळी सुतकाची भानगड निघाली तर परीक्षक काय म्हणतील?

"तुम्हाला ती पट्टी दिसली नव्हती का?" कोन्सील्याने विचारले.

"दिसली ना. म्हणून तर कापली."

हे त्याने अगदी साळसूदपणे सांगितले. मग तिच्यासाठी सही केलेली एक प्रत द्यायचे मोठ्या मनाने कबूल केले आणि काट्याला स्पॅगेटी गुंडाळून तोंडात घातली. मला वाटले, संपले. माझ्या मालकाची मला लाज वाटायची सवय झाली होती, पण त्या दिवशी मला त्याची किळस आली.

कोन्सील्याने मला कपाटावरून उचलले. हातमोजे शिवणारी तिची बोटे मला बरोबर चाचपत बटणापाशी आली. तिने मला लपवले नाही, कबूतर बघितले नाही. सरळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि बटण दाबले. त्याच्या ओठांतून स्पॅगेटी लोंबत होती.

"नको, असा नको," एदगार्दो तोंडावर हात घेत ओरडला. "निदान कोट तरी घालू द्या."

"माझ्या अंगावर ओला काळा रंग होता, डॉक्टर," ती म्हणाली. "माझ्यासाठी कोण थांबलं होतं?"

अख्खा फोटो गल्लीत पोचवा आणि हे यंत्र घेऊन जा, असे सांगून तिने माझा पट्टा गळ्यात घातला. जाता जाता तितीनाने त्याला हनुवटी पुसून घ्यायला सांगितले.

तो आला. त्याला पश्चात्ताप झाला असे तुम्हाला वाटेल. छे! त्याला भीती वाटली ती डोक्यावरच्या जाळीसकट निघालेल्या फोटोची. गल्लीत सगळे खुर्च्या टाकून दारोदार बसले होते. सगळे नुसते त्याच्याकडे बघत राहिले, तो कसा चालतो, कुठे अडखळतो, घाम कुठे पुसतो. इतकी वर्षे दुसऱ्यांना बघणाऱ्या माणसाला तेवढी गल्ली पार करताना नाकी नऊ आले. दोन्ना राफेला दारात बसली होती. तिच्या मांडीवर पाकीट टाकून तो मला न घेताच पळाला.

राफेलाने फोटो बाहेर काढला. हसणारी कोन्सील्या होती. शेजारी दार होते, दारावर पट्टी होती. आणि दाराच्या फटीत, खाटेच्या पायथ्याशी, मेणबत्तीच्या उजेडात बसलेली राफेला स्वतः होती. मान मागे टाकलेली, तोंड उघडे, पुढचा उरलासुरला दात दिसतो आहे. तितीनाचे बोलणे आतही ऐकू गेले होते. मुलाच्या मयताशेजारी बसून त्याची आई खो खो हसत होती. मी ते तेव्हाच पाहिले होते, पण मला कोण विचारतो?

राफेला त्या फोटोकडे फार वेळ बघत बसली. ती आपले हसणे विसरली होती की त्याचाच राग तिने सुनेवर काढला होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

"त्याला ते सूप खरंच आवडत नव्हतं," अखेर राफेला म्हणाली. मग तिने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बस. उभी काय राहिलीस?"

"बसते, मम्मा," कोन्सील्या म्हणाली.

वर्षाच्या प्रार्थनेला दोघी हात धरून गेल्या. तो फोटो भिंतीवर लागला नाही. तो सबातीनोच्या टोपीच्या अस्तरात आहे. राफेला आता नाही. कोन्सील्याचे केस पांढरे झाले आहेत आणि ती अजून याच खोलीत हातमोजे शिवते. एदगार्दोला दोनदा निरोप धाडले, पण मला न्यायला तो फिरकला नाही.

माझ्यावर धूळ बसते. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मित्रांनो. हल्ली तुमच्या प्रत्येकाच्या खिशात माझी नातवंडे असतात आणि तुम्ही ती कुणावरही रोखता. बसमध्ये झोपलेल्यावर, रस्त्यात घसरून पडलेल्यावर, आणि वर हसता. एदगार्दोला निदान अंधाऱ्या खोलीत जाऊन कात्री हातात घ्यावी लागे, तुम्हाला तेवढेही कष्ट नकोत. तोमासो दोन शब्द विचारत. तेवढे विचारायला तुमची जीभ झिजणार नाही. आणि या घरी कधी आलात तर माझी पाठ उघडू नका. ते रीळ अजून माझ्या पोटात आहे.

तितीनाला एदगार्दोचा तो स्पॅगेटीचा फोटो धुऊन घेऊन न्हाव्याच्या दुकानात लावायचा होता. मला विचाराल तर मीही तयार होतो. मी तर तो चर्चच्या दारावर लावला असता. कोन्सील्याने माझ्यावर हात ठेवला.

"तो नको म्हणाला ना," ती म्हणाली. "मग राहू दे."