पेजेत वाया गेलेले थेंब

मी लॅक्टेज बोलतोय. नाव परकं वाटेल, पण जन्मतः तुमच्या प्रत्येकाच्या आतड्यात माझा एक भाऊबंद असतो. मी पाचकरस. बुरशीपासून जन्मलो, कारखान्याच्या टाकीत वाढलो आणि छोट्या बाटलीत बसून रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, पोपटशेठच्या औषधांच्या दुकानात आलो.

माझं काम एकच, दुधातली साखर फोडायची. भातातलं पिष्ट फोडायला तुमच्या लाळेतला गडी वेगळा. वालाने पोट फुगतं, तिथे तिसराच लागतो. म्हशीच्या पोटातले जंतू तर पेंढासुद्धा जिरवतात. माझ्यापुढे पेंढा टाकलात तर मी नुसता बघत बसेन.

मला हर्षदने घेतलं. खांब नावाच्या गावाशेजारचा, कंपनीत शिफ्टला जाणारा. त्याच्या सात महिन्यांच्या आदर्शला जुलाब झाले होते. ते ओसरले, पण दूध पोटात गेलं की पोट तट्ट फुगायचं, फेसाळ शी व्हायची. डॉक्टर म्हणाले, "आतड्याचं अस्तर सोललंय, भरून येईल. अंगावरचं दूध तोडू नका. थोडं वाटीत काढा, त्यात थेंब घाला, पाजा, मग पदराखाली घ्या." त्या अस्तरातच माझा भाऊबंद राहतो.

घरी हर्षदची आई, विमलबाई. सुनेला म्हणाल्या, "तुझं दूधच बाधतंय गो सुरभी. पेज दे त्याला." आजाऱ्याचं औषध पेजेतूनच द्यायचं, ही त्या घरची रीत. मी पेजेत पडलो.

तिथे माझ्या कामाचा एक कण नाही. सकाळी मी पेजेत वाया जायचो. दुपारी सुरभी चोरून बाळाला पाजायची, तेव्हा मी फळीवर. पोर पाय पोटाशी घेऊन कळवळायचं.

विमलबाई म्हणायच्या, "बघ, औषधानंपण फरक नाय. तोडच दूध!"

पाचव्या दिवशी सुरभीचं दूध आटायला लागलं. ती पदर आवळून भाकऱ्या थापत राहिली.

हर्षद मला खिशात घालून दुसरी बाटली आणायला गेला. पोपटशेठने मला उजेडात धरलं.

"एवढी संपली? कशात घालता रे?"

"पेजेत."

"पेजेत! अरे, पेणला गणपतीचे साचे बघितलेस ना? त्यातून बैल निघंल काय? ह्याच्या साच्यात दुधाचीच साखर बसते. दुसरी बाटली नाय देत, जा. आहे ती दुधात घाल."

घरी येऊन हर्षदने हे सांगितलं. विमलबाईंनीच उठून वाटी घासली आणि सुरभीपुढे ठेवली. जेमतेम दोन चमचे दूध निघालं. विमलबाईंनी मोजून थेंब टाकले.

"आता थांबायचं?"

"व्हय, जरा वेळ," हर्षद म्हणाला.

त्या वाटीत मला आयुष्यात प्रथमच माझं काम भेटलं.

तिसऱ्या दिवशी आदर्शचं पोट मऊ होतं. विमलबाईंनी त्याला उचलून सुरभीच्या मांडीवर दिलं. "घे गो. तुझ्याच दुधाला भुकेला हाय." दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दूध मात्र हळूहळू परत आलं.

आता मी तळाशी चार थेंब उरलोय. आदर्शच्या आतड्यात माझा भाऊबंद पुन्हा उगवलाय. माझी गरज संपली, हेच बरं. जाता जाता एवढंच मागतो. औषध हरलं की आधी विचारा, त्याला त्याचं काम दिलं होतं का? पेजेचा दोष नव्हता, माझाही नव्हता. आणि त्या आईचा तर कधीच नव्हता.