शेजादीच्या शेपटीचा गुण

"धोंडप्पाअण्णा, नाचव की घोडी! कामून थांबवलास?"

बँडवाल्यानं आरोळी ठोकली आणि धोंडप्पानं लगाम आणखी आखडून धरला. चिंताकीच्या वेशीत वरात ऐन रंगात होती. घोडीवर नवरदेव शिवप्रसाद तलवार धरून बसला होता. त्याची विजार इतकी तंग, की त्याला वर चढवायला चार माणसं लागली होती. आणि ज्याची घोडी वीस वर्षं तालुक्याच्या वराती गाजवत आली, तो औरादचा धोंडप्पा आज घोडीच्या छातीला गोचिडीसारखा चिकटून चालत होता.

छातीवरची जरीची झूल त्यानं सहा सेफ्टी पिना मारून घट्ट केली होती. झुलीखाली घोडीला, शेजादीला, गाठ होती. दिवाळीला बोराएवढी, आता लिंबाएवढी. वरून खरबरीत, फुलकोबीसारखी, मधूनच रक्त येणारी. घोडी नाचली की झूल उडणार, झूल उडाली की गाठ दिसणार, आणि गाठ दिसली की... त्यापुढचं धोंडप्पा मनातसुद्धा म्हणत नव्हता. मागल्या साली पलीकडच्या एका गावात घोड्याला ग्लँडर्स हा साथीचा रोग निघाला. सरकारी गाडी आली, मारायचं इंजेक्शन दिलं, जेसीबीनं खड्डा काढला आणि घोड्यावर चुना टाकून माती लोटली. धोंडप्पानं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"पाय दुखायलाय तिचा," तो म्हणाला.

"तिचा न्हाई, तुजाच दुखायला आसंल!" बँडवाला खिदळला.

तेवढ्यात नवरीची आत्या राजूबाई ताट घेऊन आली. तिथली रीतच अशी, की नवरदेवाच्या आधी घोडीला कुंकू लावायचं, पायावर पाणी घालायचं, तोंडात भिजवलेली हरभऱ्याची डाळ द्यायची. राजूबाई जेमतेम साडेचार फूट. तिनं टाचा उंच केल्या, दोनदा उडी मारली, पण घोडीचं कपाळ काही हाताला लागेना.

"लई उंच हाय बया! ऱ्हाऊ दे, छातीलाच लावते," असं म्हणून धोंडप्पा आडवा यायच्या आत तिनं झूल ओढली. सहाच्या सहा पिना तुटल्या.

राजूबाईचे डोळे मोठे झाले.

"अगं बया बया! देवी आल्यात घोडीला!"

तिनं रस्त्यातच दंडवत घातला. तिच्यामागं सात-आठ बायका आडव्या झाल्या. कुणी लिंबाचा डहाळा आणला. देवीला गारवा हवा म्हणून कुणीतरी घागरभर पाणी थेट घोडीच्या छातीवर ओतलं. घोडी दचकली, गर्रकन फिरली आणि तिची शेपूट क्लॅरिनेटवाल्याच्या हातात निघून आली.

ती शेपूट खरं तर धोंडप्पाच्या बायकोचं, मल्लव्वाचं गंगावन होतं. शेजादीच्या स्वतःच्या शेपटीला आता केस असे उरलेच नव्हते.

"देवीबिवी काय न्हाई, ग्लँडर हाय त्यो!" गर्दीतून गुंडप्पा ओरडला. गुंडप्पाचं किराण्याचं दुकान होतं, पण त्याचा दिवस मोबाइलवर रोगांची माहिती वाचण्यात जायचा. "माणसालाबी व्हतंय! पळा!"

दोन मिनिटांत देवीची महामारी झाली. दंडवत घातलेल्या बायका पदरानं कपाळं पुसत पळाल्या. बँडवाले वाजवत वाजवतच मागं सरले. राहिला एकटा नवरदेव.

"उतरवा की रे मला! ओ मामा!"

मामा वेशीपलीकडून हात हलवत होता. शेवटी शिवप्रसादनं देवाचं नाव घेऊन उडी मारली. विजार टर्रकन फाटली आणि नवरदेव तलवार मागं आडवी धरून मांडवाकडं चालत गेला.

एरवी धोंडप्पा हसून लोळला असता. आज तो घोडीचा लगाम ओढत शेतातून, बांधाबांधानं घरी आला. 

"किती डाव मनले, दवाखान्यात ने मनून?" मल्लव्वा म्हणाली.

"नेलो आन् तितंच मारलं मंजे?"

दुसऱ्या दिवशी गुंडप्पाचा फोन आला, "जनावराचे डॉक्टर यायलेत. म्याच कळवलाव. गावाचं हित बगावं लागतंय, अण्णा." धोंडप्पानं घोडी कडब्याच्या गंजीमागं नेऊन बांधली, वर ताडपत्री टाकली. "आवाज करू नको गं माय," असं तिच्या कानात विनवलं. फाटकात स्कूटर थांबली आणि घोडी मोठ्यांदा खिंकाळली.

"अण्णा, बाहेर काढा तिला," डॉक्टर प्रतीक्षा म्हणाली. कलबुर्गीची पोरगी, मराठीला कन्नड हेल. "मी मारायला नाही आले."

तिनं घोडीचं नाक बघितलं, जबड्याखाली चाचपलं, ताप घेतला, रक्त काढलं. "मला ग्लँडर्स वाटत नाही. पण रिपोर्ट येईपर्यंत बाहेर नेऊ नका. आठ-दहा दिवस."

ते दिवस धोंडप्पानं कसे काढले, त्याचं त्याला ठाऊक. रस्त्यावर टेम्पो वाजला की तो फाटकाकडं धावायचा. चौथ्या दिवशी एक टेम्पो खरंच दारात थांबला. मागं दहा पोती चुना. धोंडप्पा जागच्या जागी आडवा झाला. शेजारच्या हरिबानं घर रंगवायला काढलं होतं, त्याचा तो चुना. हरिबानंच मग तोंडावर पाणी मारून त्याला उठवलं.

"धोंडप्पा, आरं, भिंतीला हाय त्यो!"

"व्हय, व्हय," धोंडप्पा म्हणाला. पण चुना शेवटच्या पोत्यापर्यंत हरिबाच्या घरात गेलेला बघूनच तो आत आला.

नवव्या दिवशी प्रतीक्षा आली. स्कूटरचं स्टँड लावायच्या आधीच म्हणाली, "ग्लँडर्स नाही, अण्णा."

धोंडप्पानं तिला बसायला बाज ओढली. मल्लव्वानं चहाचं आधण ठेवलं.

"मग हाय तरी काय त्ये?"

"कातडीची गाठ. सारकॉइड म्हणतात. लई घोड्यांना होते. त्यानं बहुतेक जीव जात नाही, पण कापली तरी पुन्हा येते. कधी दुप्पट येते. विषाणू असतो त्याचा. गाई-बैलांना चामखिळी येतात ना, त्यांचाच."

"गाईचा रोग घोडीला? आमी तर जलमात गाय पाळली न्हाई!"

"मग इथं बाहेरची जनावरं येतात का?"

"येतेत की!" मल्लव्वाच आतून बोलली. "जत्रा आसतीय दारात!"

ती जत्रा तीन राज्यांची होती. चामखिळीला घोडीच्या शेपटीचा केस बांधला की ती वाळून गळते, हे सगळ्यांना ठाऊक. आणि शेजादीच्या केसाचा गुण मोठा, असा बोलबाला. देगलूर, नारायणखेड, भालकी, कुठून कुठून लोक बैल, कालवडी घेऊन यायचे. धोंडप्पा नारळसुद्धा घ्यायचा नाही. केस उपटायचा, चामखिळीला पीळ द्यायचा, रक्त येईपर्यंत आवळायचा. आणि झालं, की त्याच हातानं शेजादीची छाती थोपटायचा. "तुजाच गुण गं, माजे बाई!"

दिवाळीत तिच्या छातीवर बोराएवढं आलं, तेव्हा त्यानं तिचाच केस तिलाच बांधला होता. गाठ गळली. महिन्यात दुप्पट होऊन आली.

चहा निवत चालला होता. धोंडप्पा आपल्या तळव्यांकडं बघत होता.

"हातानं जातोय का ह्यो रोग, म्याडम?"

प्रतीक्षानं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माशीनं जातो. दोरानं, खराऱ्यानं जातो. हातानंही... जाऊ शकतो. पण हिला नक्की कशामुळं झालं, ते कुणीच नाही सांगू शकत."

"जगंल ना?"

"जगेल. बीदरला नेऊन गाठ काढू. पण परत आली तर घाबरायचं नाही. आणि आता झूल नाही, पट्टा नाही. वरात नाही, अण्णा."

स्कूटर गेली. धोंडप्पा हौदावर गेला आणि साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. पुन्हा.

"कातडं सोलायलास का आता?" मल्लव्वा म्हणाली, पण हळू आवाजात.

ओले हात घेऊन तो घोडीजवळ गेला. तिनं मान लांब केली. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले, एकात एक घट्ट अडकवले आणि शाळेत मास्तरसमोर उभं राहावं तसा उभा राहिला. शेजादीनं त्याचा सदरा हुंगला, खिसा हुंगला, काखेत नाक खुपसून बघितलं. मग हात सापडत नाही म्हणून तशीच थांबली.

तिच्या छातीवर माशी येऊन बसली.

धोंडप्पानं हात सोडले नाहीत. गुडघ्यात वाकला, तोंड गाठीपर्यंत नेलं आणि फुंकर मारली. माशी उडाली, परत बसली. त्यानं परत फुंकर मारली.