एकटी का गेलीस

अंधेरीला कुर्ला रोडवर औषधाच्या गोळ्या बाटल्यांत भरायचा एक कारखाना होता. चौपन्न साली तिथे तीसेक बायका कामाला होत्या आणि त्यांची मुकादम होती मालन. मालवणकडची, चाळिशीची, खणखणीत आवाजाची. नवी मुलगी आली की ती पहिल्याच दिवशी तिला दोन गोष्टी शिकवायची. बाटलीत कापूस कसा दाबायचा, आणि रिकाम्या बाटल्या आणायला गोडाऊनमध्ये एकटीने कधी जायचं नाही. गोडाऊनवर सुपरवायझर मार्तंड बसायचा. पुढचं कुणी विचारत नसे आणि मालनही सांगत नसे. आपल्या मुली आपण नीट सांभाळतो, याचा तिला अभिमानच होता.

त्या मंगळवारी कुंदा तापाने घरी होती. तिची जोडीदारीण प्रेमा एकटी दिसताच मार्तंडने तिला बाटल्या न्यायला बोलावलं. दहा मिनिटांनी ती परत आली तेव्हा तिच्या पोलक्याची बाही खांद्यापासून फाटलेली होती आणि मुठीत फुटक्या बाटलीचा गळा होता. एकोणीस वर्षांची पोर, पण रडत नव्हती.

"त्याने आतून कडी लावली आणि मला धरलं," ती म्हणाली. "मी बाटली त्याच्या कपाळात घातली, म्हणून सुटले."

"पण तू एकटी का गेलीस?" मालनच्या तोंडून निघून गेलं.

प्रेमाने मालनकडे नुसतं बघितलं. ती नजर मालनला सोसवेना. तिने टेबलावरची चादर ओढून पोरीच्या खांद्यावर घातली आणि तिला घेऊन तडक पोलीस चौकी गाठली.

जमादाराने नाव, गाव, वय लिहून घेतलं. मग टाक दौतीत बुडवत विचारलं, "तू एकटी का गेलीस?"

शब्द न् शब्द तोच. मालनचे कान तापले. आपल्या तोंडचा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी कसा लागतो, ते तिला तेव्हा कळलं.

"साहेब, ती कामावर होती," ती म्हणाली. "वरच्या माणसाने बोलावलं, ती गेली. कडी का लावली ते त्याला विचारा. मघाशी मीसुद्धा तिला हेच विचारलं, तेव्हा एकट्या तुम्हाला दोष देत नाही. पण कागदावर हा प्रश्न नको."

आतल्या खोलीतून फौजदार बाहेर आला होता. त्याने खुर्ची ओढून घेतली आणि तक्रार स्वतः लिहून घेतली. संध्याकाळच्या आत मार्तंडला पकडून आणलं.

प्रेमा जोगेश्वरीच्या चाळीत राहायची. मालन तिला पोचवायला गेली. थोरल्या भावाने, अनंतने, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्यापासून कामाला जायचं नाही. संपलं."

"अनंता, गुन्हा त्याचा आणि घरात कोंडून घ्यायचं हिने?" मालन म्हणाली.

"लोक बोलतील, मावशी."

"बोलू देत, दादा," प्रेमा म्हणाली. "मी काही चोरलेलं नाही. मी जाणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतच बहिणीबरोबर कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत आला.

मालक श्यामसुंदरशेठ वाईट माणूस नव्हते. मालनला बोलावून ते म्हणाले, "यापुढे बायकांनी गोडाऊनकडे फिरकायचंच नाही, असा नियम करतो. म्हणजे प्रश्नच मिटला."

"बायकांना नियम लावून झाले, शेठ. दोन वर्षं मीच लावत होते. इथे कामाला असलेल्या जयंतीने मला त्याच्याबद्दल सांगितलं, तेव्हा मी तिचं टेबल बदललं आणि गप्प बसले. तिने तुम्हालाही अर्ज दिला होता."

"मी मार्तंडला समज दिली होती," शेठ हळूच म्हणाले.

"समज दिलीत आणि गोडाऊनची किल्ली त्याच्याच हाती ठेवलीत."

शेठनी मार्तंडला कामावरून काढल्याचा कागद लिहिला. गोडाऊनच्या दाराची आतली कडी काढायला सुतार बोलावला. आणि यापुढे अशी तक्रार आली तर आठ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, हे मालनने सांगितल्याबरहुकूम लिहून खाली सही केली.

रविवारी मालन वर्सोव्याला गेली. नोकरी सोडल्यापासून जयंती तिथे राहत होती. दारात मालनला बघून ती म्हणाली, "दोन वर्षं लागली तुला यायला?"

"लागली गो. मला वाटायचं, मी मुलींना सांभाळते. खरं म्हणजे मी त्याला सांभाळत होते."

जयंतीने तिला पाणी दिलं. साक्षीला यायचं कबूल केलं, पण माफ केलं असं काही म्हणाली नाही. मालननेही मागितलं नाही.

कोर्टात मार्तंडच्या वकिलाने प्रेमाला विचारलं, "तू ओरडली का नाहीस?"

"ओरडले," प्रेमा म्हणाली. "बाहेर गुणाजी होता. त्याला विचारा."

गुणाजी कारखान्यातला हमाल, खारेपाटणचा. साक्षीला येतो असं तो आपणहून मालनला सांगून गेला होता. पिंजऱ्यात उभा राहून त्याने टोपी काढली. "ऐकलं मी. साहेबाचं काहीतरी असेल, आपल्याला काय, म्हणून दार ठोठावलं नाही. हाक दिली असती तर तो तिथेच थांबला असता."

जयंतीचीही साक्ष झाली. मार्तंडला नऊ महिने सक्तमजुरी झाली. निकाल ऐकून प्रेमा खाली बसली आणि त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच रडली. अनंतने तिला रडू दिलं.

पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मालन मागच्या पडवीतून चालली होती. गुणाजी सगळ्या हमालांना गोळा करून बसला होता, त्यात दोन-तीन मिस्त्रीही होते. डबे उघडे होते, पण कुणी जेवत नव्हतं.

"बाई ओरडली तर दार ठोठावायचं," गुणाजी सांगत होता. "आत कोण आहे ते बघायचं नाही. आणि आपल्यातला कुणी पोरींवर घाणेरडं बोलला, तर हसायचं नाही. मी हसायचो. मार्तंडच्या बोलण्यावर आपण सगळेच हसायचो."

"मस्करी पण करायची नाही काय रे?" एक मिस्त्री म्हणाला.

"तसली नाही," गुणाजी म्हणाला.

मिस्त्रीने मान खाली घातली. मालनचा पाय क्षणभर अडखळला. थांबून दोन शब्द बोलावेत असं तिला वाटलं. पण तिथे तिची गरज नव्हती. ती पुढे गेली आणि मुलींमध्ये जेवायला बसली.