महाराजांचा डावा हात

चाचणी विभागात इतकी गर्दी झाली होती की हॉस्पिटलातून आलेल्या सिस्टरना आत शिरायला कोपरं वापरावी लागली. सोल्डरिंगवाले हातातलं काम टाकून आले होते, हिशेबनीस चहाचा कप घेऊन आला होता, आणि कारखान्याचे साहेब सगळ्यांच्या पुढे, फक्त हात जोडायचे बाकी ठेवून, उभे होते.

टेबलावर नवजात बाळांच्या हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र होतं. त्याला बाळाऐवजी खोटे ठोके देणारी एक डमी जोडलेली. डमी बंद केली की पडद्यावरची रेघ सपाट व्हावी आणि यंत्राने बोंब ठोकावी, असा हिशेब. पण या यंत्रात विजेच्या तारांची घरघर शिरत होती. यंत्र तिलाच ठोके समजून मोजायचं आणि खुशाल गप्प बसायचं.

"आता बघा," डमी बंद करून महाराज म्हणाले.

महाराज म्हणजे साहेबांनी आणलेले सल्लागार. पांढरी दाढी, मऊ आवाज आणि बॅगेत निळ्या डब्या. "डिजिटलला बुद्धी पुरते," ते सांगायचे, "ॲनालॉगला साधना लागते." शेजारच्या ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे सिग्नलच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या, धातूच्या मुठीवर डाव्या हाताने भार देऊन त्यांनी डोळे मिटले आणि उजवा तळवा यंत्राच्या पत्र्यावर ठेवला. घरघर विरली, रेघ सपाट झाली, यंत्र किंचाळलं. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

घालणारच. सर्किटजवळ हात नेला की घरघर वाढते, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मोजणी चालू असताना सगळ्यांनी हात मागे बांधून दूर उभं राहायचं, असा या विभागाचा नियमच होता. तो नियम पाळून पाळून एकाही माणसाने त्या पत्र्याला कधी हात लावून पाहिला नव्हता.

महाराजांनी एक निळी डबी यंत्राला चिकटवली. "हा संतुलक. हळूहळू गुण येईल. यंत्राने डबीला आपलं मानलं पाहिजे."

"मॅडम, यंत्र पास झाल्याच्या कागदावर तुमची सही तेवढी राहिलीय," साहेब म्हणाले.

मॅडम, म्हणजे हे सर्किट जिने बांधलं ती अभियंता, आठवडाभर चिपा बदलून मेटाकुटीला आली होती. तिने पेन उघडलं, तेवढ्यात सिस्टर पुढे आल्या.

"मला तुमच्यातलं काही कळत नाही. बाळाचं हृदय थांबलं तर हे ओरडेल का, एवढंच सांगा."

मॅडमने पेन पुन्हा बंद केलं. "महाराज, पुन्हा एकदा दाखवाल?"

महाराजांनी दाखवलं. यंत्र ओरडत असतानाच त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी डाव्या हाताने तो काढला आणि यंत्र चिडीचूप झालं. उजवा हात होता तिथेच होता, घरघर मात्र परतली होती.

"इथे कोणीतरी शंका घेतंय," महाराजांनी डोळे बारीक केले. "शंकेने सिग्नल नासतो."

"घेतेय ना, मीच घेतेय. आता डावा हात खिशात ठेवून करून दाखवता?"

"साधनेला खिसा नसतो, मॅडम."

मॅडमने मग स्वतःच एक हात स्कोपच्या मुठीवर आणि दुसरा यंत्रावर ठेवला. यंत्र किंचाळलं. तिने हिशेबनिसाला ओढून उभं केलं. त्याच्या हातानेही किंचाळलं, आणि त्याने तर आयुष्यात साधना म्हणून बेरजाच केल्या होत्या.

"ही मूठ आतून अर्थिंगला जोडलेली आहे," मॅडम म्हणाली. "पत्र्यावर जमलेली घरघर माणसाच्या अंगातून मुठीत आणि तिथून जमिनीत जाते. महाराज म्हणजे साडेपाच फुटी वायर. पण मग यंत्राचा स्वतःचा पत्रा अर्थिंगला जोडलेला नाही की काय?"

"असं कसं? सर्किटच्या आकृतीत अर्थिंगची खूण आहे," साहेब म्हणाले. "मी स्वतः काढलीय."

त्या खुणेवर मॅडमनेही डोळे झाकून विश्वास ठेवला होता. आता तिने मीटरची एक पिन प्लगच्या अर्थला आणि दुसरी पत्र्याला लावली. मीटर बीप करेना, म्हणजे दोघांत जोडच नव्हता. अर्थच्या वायरचा स्क्रू काढला तर खाली नव्या, जाड रंगाचा थर. वायर पत्र्याला टेकलीच नव्हती, रंगावर ऐटीत बसली होती. मॅडमने ब्लेडने रंग खरवडला, स्क्रू आवळला आणि हात मागे घेतले. कोणाचाही स्पर्श नसताना यंत्र किंचाळलं.

"माझ्या येण्यानेच हे उमगलं," महाराज म्हणाले आणि बॅग आवरू लागले. लोक पोट धरून हसले.

सिस्टर हसल्या नाहीत. "तुमचीच, असली निळी डबी लावलेली दोन यंत्रं आमच्या वॉर्डात आहेत. अजून एकदाही ओरडली नाहीत. आम्ही म्हणायचो, किती गुणी आहेत."

हसू जागच्या जागी थांबलं. साहेब चाचरत म्हणाले, "उद्या माणूस पाठवतो."

"आत्ता," मॅडम म्हणाली. तिने ब्लेड, मीटर आणि डमी उचलली. गाडी साहेबांनीच चालवली.

वॉर्डात पोचताच सिस्टरनी बाळांना दुसऱ्या यंत्रांवर घेतलं. निळ्या डब्या उतरल्या, स्क्रूखालचा तसाच रंग खरवडला गेला, दोन्ही यंत्रांना जोडलेली डमी बंद झाली आणि त्यांनी मिळून असा गळा काढला की झोपलेली बाळं जागी होऊन रडायला लागली. मॅडमला इतकं हायसं वाटलं की ती तिथल्या स्टुलावर बसलीच.

"पुढच्या वेळी आम्हाला कसं कळायचं?" सिस्टरनी विचारलं.

"ही डमी इथेच ठेवून घ्या. रोज, बाळाला जोडण्याआधी, ती लावून बंद करून बघा. यंत्र ओरडलं नाही तर वापरू नका. कोणी हात फिरवून दाखवला म्हणून विश्वास ठेवू नका, आमच्या आकृतीत काढलंय म्हणूनही नको. मी सांगतेय म्हणूनसुद्धा नको."

सिस्टरनी मान डोलावली, डमी स्वतःच्या हातात घेतली आणि दोन्ही यंत्रं पहिल्यापासून तपासायला घेतली.