झिपरूची फुंकर

जवळ आलात तर जळक्या कापसाचा वास येईल. घाबरू नका, आग नाही, मी आहे. मी चकमक. चोपड्याजवळच्या एका गावात, झिपरूच्या घराच्या कोनाड्यात बसून चार शब्द सांगते. घाई नसेल तर टेका जरा.

एका मोडक्या विळ्याच्या तुकड्यातून गावच्या लोहाराने मला घडवलं. भंगारात जायचं लोखंड त्याने वाकवलं, पाणी दिलं आणि माझ्यात जीव आला. त्याचे उपकार मी विसरले नाही. पण मी एकटी काही कामाची नाही. नदीतली एक गारगोटी, बोटाएवढी बांबूची नळी आणि नळीत जळका कापूस, असा आमचा संसार. गारगोटीवर मला आपटायचं, ठिणगी कापसावर पाडायची आणि मग माणसाने फुंकर घालायची. फुंकर चांगली असली की कापूस लाल होतो. ती नसली तर मी कितीही ठिणग्या पाडल्या तरी सगळ्या वाया.

म्हणून मी माणसाला चेहऱ्याने ओळखत नाही. फुंकरीने ओळखते.

मला घडवून घेतलं ते झिपरूच्या बापाने, चुडामणने. केळीच्या बागेत सदा ओल, काडेपेटी सादळून जायची. मी सादळत नाही. चुडामण हातातलं काम न सोडता पोराला हाक मारायचा, "झिपऱ्या, बिडी चेटाडी आन!"

झिपरू बांधावर बसून मला आपटायचा, बिडी पेटवायचा आणि बापापर्यंत नेताना ती विझू नये म्हणून वाटेत एक झुरका घ्यायचा. बापाची सेवाच ती. त्याला बिडी ओढायला कोणी शिकवलं नाही आणि कोणी रागावलंही नाही. पुढे चुडामण खोकत खोकत गेला. गाव म्हणालं, वय झालं होतं. मी झिपरूच्या कंबरेला आले.

झिपरू केळीचे घड कापणाऱ्या टोळीत होता. खांद्यावर घड घ्यायचा, ट्रकपर्यंत न्यायचा, पुन्हा बागेत शिरायचा. मध्येच नुसता बसला की मुकादम ओरडे, "काय रे, पाय गयात का तुना?" पण हातात बिडी दिसली की तोच मुकादम गप्प. बिडीला मान होता, दमलेल्या माणसाला नव्हता. बसायचं तर बिडी पेटवायची, ही सवय लागली ती अशी. शेजारी वना बसायचा, त्याचा जोडीदार. एका ठिणगीवर दोघांचं भागायचं.

घरी धुरपदाबाई, झिपरूची बायको, रोज सकाळी त्याचं खोकणं ऐकायची. कफ सुटावा म्हणून तो आणखी एक बिडी पेटवायचा.

"खोकला शे म्हनीसन बिडी, नी बिडी शे म्हनीसन खोकला," ती भाकरी थापता थापता म्हणायची. "तुमनं औषध भारी शे!"

"छाती मोकळी व्हस व, तुले काय समजस?"

मला मात्र समजत होतं. आधी एका फुंकरीत माझा कापूस पेटायचा. मग दोन लागू लागल्या. पुढे तर फुंकर मध्येच तुटायची, झिपरू छातीवर हात ठेवून थांबायचा, मग उरलेली घालायचा. मी हे कोणाला सांगणार? मला फक्त ठिणगी पाडता येते.

मग वनाची पोटरी चालताना भरून यायला लागली. नंतर पायाचा अंगठा काळा पडला. काटा रुतला असेल म्हणून त्याने हळद भरली. काळेपणा वर सरकत राहिला, अगदी माझ्या नळीतल्या कापसासारखा, ज्वाळा नाही, आवाज नाही. धुळ्याच्या दवाखान्यात अंगठा काढावा लागला. वना काठी टेकत बागेत आला आणि हसत म्हणाला, "झिपरूभाऊ, डाक्टर म्हने, बिडीमुये रगतन्या नळ्या बारीक व्हई गयात. मना अंगठा बिडी खाई गयी. तू तुना सांभाळ."

झिपरू हसला नाही. दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या डॉक्टरकडे गेला. मी कंबरेला होतेच. डॉक्टरांनी काडी पेटवून त्याच्या तोंडापासून वीतभर धरली. "तोंड उघडं ठेवून विझवा बघू."

झिपरूने फुंकलं. ज्योत नुसती वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

"जन्मभर पेटवत आलात बाबा, आता एक काडी विझत नाही," डॉक्टर म्हणाले, पण मायेने म्हणाले. "छातीतल्या वाटा आवळल्यात. गेलं ते परत येणार नाही. आज सोडाल तर उरलेलं मात्र तुमच्याजवळ राहील."

झिपरूने सोडली. खिशात बडीशेप ठेवू लागला. पहिले काही दिवस धुरपदाबाईला त्याच्याशी बोलायची सोय नव्हती, इतका तो चिडायचा. तिने सोसलं. तेवढे दिवस माझ्या ठिणगीने त्याचं नुकसान झालं नाही, हे तिचे माझ्यावर उपकार.

पण मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

आखाजीला आमच्याकडे वारलेल्या माणसांना जेवू घालतात. गोवरीच्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा, तुपाचा घास ठेवायचा. त्याला आगारी म्हणतात. जे ज्याला आवडायचं ते त्याला द्यायचं. चुडामणला बिडी आवडायची, म्हणून घासाशेजारी पेटलेली बिडी ठेवायची रीत या घरात पडली होती. आणि बिडी ओढल्याशिवाय पेटत नाही. झिपरूने बापासाठी एकच झुरका घेतला. संध्याकाळी त्याच्या खिशात बिडीचं बंडल होतं. पुढच्या वर्षीही तसंच. कष्टाने पुन्हा सोडायची आणि बापाच्या घासाला पुन्हा धरायची. लहानपणी वाटेत घेतलेला तो झुरका अजून संपलाच नव्हता.

त्याच्या पुढच्या आखाजीला लेक बेबाबाई शिरपूरहून माहेरी आली. बाहेर निंबाला झोके बांधलेले, पोरींची गाणी चाललेली. घरात मी ठिणगी दिली, गोवऱ्या पेटल्या, निखारे झाले. झिपरूने बिडी हातात घेतली. कुडाला टेकून उभी असलेली धुरपदाबाई डोळे मिटून होती.

"आबा, थांब," बेबाबाई म्हणाली.

"बेबा, हाऊ मना बापना घास शे."

"आजा कशामुये गया?"

झिपरूने निखाऱ्याकडे बघितलं. "खोकलामुये."

"मंग? मरीसन बी त्याले खोकलाडशी का? आते तरी त्याले सुट्टी दे!"

धुरपदाबाईला आधी हसू फुटलं. मग तिने पदर डोळ्यांना लावला. झिपरूने बिडी मोडली, तंबाखू चिमटीत चुरडली आणि उठून उकिरड्यावर टाकून आला. परत बसला, गुळाचा खडा तुपात बुडवला आणि निखाऱ्यावर ठेवला.

"बा, आते गूळ ले," तो म्हणाला. "बिडी सरी गयी."

एवढ्या बोलण्यात निखाऱ्यांवर राख चढली होती. झिपरू वाकला आणि फुंकर घातली. मी कान देऊन होते. जुन्या दिवसांसारखी ती नव्हती, पण मध्ये तुटली नाही. राख उडाली, निखारा लाल झाला आणि गूळ फसफसला.

तेव्हापासून मी कोनाड्यात आहे. वर्षातून एकदा, आखाजीला, मला तेलाचा हात मिळतो, एक ठिणगी पाडते, पुन्हा इथे. कोणी म्हणेल, बिचारी अडगळीत पडली. मला तसं वाटत नाही. ज्या हातांनी मला वापरलं त्यांचंच नुकसान माझ्या हातून होत होतं. बेबाबाईने मला त्यातून सोडवलं. लेकी, सुखी राहा.

तुमच्याकडे एकच मागणं. बिडी पेटवून आणायला पोराला पाठवू नका. आणि दमलेला माणूस बिडीवाचून बसला असेल तर त्याला बसू द्या.

झिपरूला चढावर अजून दम लागतो. पण रोज सकाळी तो या कोनाड्याखाली बसून बशीतला चहा फुंकतो. ती फुंकर माझ्यासाठी नसते. तरी मी ऐकते आणि दिवस चांगला जातो.