पाणी आलं गं, आ-रोंग

या, असे जवळ सरकून बसा. छत्र्या दाराशी ठेवा, ओल्या असल्या तरी चालतील. आपल्या या कीलुंग बंदरात कोरडी छत्री कुणी पाहिलीय? घरची कामं घटकाभर घरीच राहू द्यात. आज गोष्ट सांगायची आहे ती देवादिकांची नाही, माशाचे गोळे वळणाऱ्या दोन पोरींची आहे. पण एक जीव दुसऱ्यासाठी तळमळतो तिथे समुद्राची देवी-आई न बोलावता येऊन बसते, असा माझा भाव आहे. म्हणून हीसुद्धा हात जोडूनच ऐकायची.

पेई-शान आणि यी-रोंग, लाडाने आ-शान आणि आ-रोंग. देवळामागच्या दुकानात दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहायच्या. लगदा मुठीत घ्यायचा, अंगठ्यापाशी गोळा फुगवायचा, चमच्याने उचलून गरम पाण्यात सोडायचा. हात जेवढे चालायचे त्याहून तोंडं जास्त. समोर बंदर होतं, आणि बंदरात पर्यटकांची दोन जहाजं आळीपाळीने येऊन लागायची. दोघींनी पोटाला चिमटा घेऊन एका सफरीपुरते पैसे साठवले होते. आता कुठल्या कंपनीच्या जहाजाने जायचं एवढंच ठरायचं होतं.

"ते पांढरं," यी-रोंग म्हणायची. "वर घसरगुंडी आहे, नाच आहे, सगळी आपल्या वयाची माणसं."

"तुला नवरा शोधायचाय की ओकिनावा बेट बघायचंय?"

"दोन्ही. एकाच तिकिटात."

"मला निळं बरं वाटतं. गोंगाट नाही, गरम पाण्याची कुंडं आहेत, खोलीला खिडकी आहे."

"अगं, त्या जहाजावर जेवण झालं की सगळे दात काढून पेल्यात ठेवतात! आ-शान, तू तेविसाव्या वर्षीच पेन्शनीत निघालीस."

असं हसतखेळत चालायचं. पण तिकिटं काढायचा दिवस आला आणि हसण्याचं भांडण झालं. "नेहमी तुझंच खरं करतेस," पेई-शान म्हणाली. "मग जा एकटी तुझ्या म्हाताऱ्यांबरोबर," यी-रोंग म्हणाली, आणि हेल्मेट डोक्यावर आदळून पावसात निघाली. रेनकोट खुंटीवरच राहिला. पेई-शानला तो दिसला होता. धावत जाऊन देता आला असता. पण तीही रागातच होती. म्हणाली, भिजू दे.

चढावरच्या वळणावर स्कूटर घसरली. यी-रोंग घरी पोहोचलीच नाही.

तीन महिने उलटले. गेलेल्यांसाठीच्या मोठ्या नैवेद्याच्या दिवशी यी-रोंगच्या आईने, आ-च्यू मावशीने, पेई-शानला बोलावून घेतलं.

"तू जाऊन ये त्या जहाजाने," मावशी म्हणाली. "आणि तिला बरोबर ने. पोरीचा जीव त्यात अडकला असेल. कुठलं जहाज ते तिलाच विचारू."

यी-रोंगच्या फोटोपुढे गोळ्यांचं सूप वाफाळत होतं. उदबत्ती निम्मी जळल्यावर मावशीने ओंजळीत दोन नाणी हलवली. "जेवलीस का गं?" नाणी जमिनीवर पडली. एक छापा, एक काटा. म्हणजे हो.

"जेवली," मावशी म्हणाली. तिचा चेहरा क्षणभर उजळला. "आता तू विचार."

पेई-शानच्या तोंडून एका दमात निघालं, "आ-रोंग, पांढरं की निळं?"

"अगं वेडे, असं विचारतात होय? नाण्यांना फक्त हो आणि नाही एवढंच येतं. एकेक विचार."

पांढरं? दोन्ही काटे. नाही. निळं? पुन्हा दोन्ही काटे.

"हिचे नखरे अजून गेले नाहीत बघ," मावशी म्हणाली. "मग हवंय तरी काय हिला?"

यी-रोंगला काय हवंय ते नाही, पण का तोंड फिरवून बसलीय ते तिला कळलं होतं, निदान तिला तरी तसं वाटलं. जमिनीकडे बघत तिने सगळं सांगून टाकलं: भांडण, म्हाताऱ्यांचं बोलणं, खुंटीवरचा रेनकोट. मावशीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने निवलेलं सूप फोटोच्या आणखी जवळ सरकवलं. मग तिने नाणी उचलली.

"आ-रोंग, आईला खरं सांग. हिच्यावर रागावली आहेस का?"

दोन्ही छापे.

"हसतेय!" मावशीने तोंडावर हात धरला. "अगं, हसतेय मेली! आपण इथे जीव टाकतोय आणि ही हसतेय!" मावशीही हसायला लागली, आणि हसता हसता तिचे खांदे गदगदू लागले.

"म्हणजे हो की नाही, मावशी?"

"हसणं म्हणजे हसणं. हो नाही, नाही पण नाही. हसलं की पुन्हा विचारायचं असतं."

"मग विचारा ना."

मावशीने नाणी रुमालात बांधली. "नको गं बाई. पुढे काय पडेल कुणास ठाऊक. हसतेय तोवर सोडून देऊ तिला."

पेई-शानला हवं होतं ते उत्तर त्या रुमालातच राहिलं.

नाण्यांनी नाही म्हटलं तरी तिने यी-रोंगचं आवडतं पांढरं जहाज निवडलं. तिकिटाच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "एकट्या असलात तरी खोलीतल्या दोन्ही पलंगांचे पैसे द्यावे लागतील, ताई."

"दोन्हीच हवेत."

निघायच्या दिवशी मावशीने यी-रोंगच्या फोटोपुढच्या उदबत्तीची राख भरलेली लाल पुरचुंडी तिच्या गळ्यात बांधली. "पाणी ओलांडताना हाक मार हं. मनात नाही, तोंडाने. गेलेल्या माणसाला वाट सांगावी लागते, नाहीतर ती धक्क्यावरच उभी राहील."

जहाजावर गाणी वाजत होती. मागेपुढे काळे चष्मे लावलेली पोरं, फोटो, खिदळणं. पेई-शानला लाज वाटली आणि हाक न मारताच ती जहाजाच्या फळीवर चढली. अर्ध्यावर जाऊन थांबली. पुन्हा? पुन्हा तिला तशीच सोडून द्यायची? ती वळली आणि गर्दीतून उलटी खाली उतरू लागली.

"अहो ताई, काही विसरलात का?" एकाने विचारलं.

"मैत्रीण."

धक्क्यावर येऊन तिने मोठ्याने हाक मारली, "आ-रोंग! पाणी आलं गं! चल, चढ!"

रांगेतलं खिदळणं थांबलं. कुणीतरी टोपी काढली. पेई-शान फळीच्या एका कडेने चढली, दुसरी कड मोकळी ठेवून, आणि मागच्या पोरांनीही ती कड मोकळीच ठेवली.

खोलीत दोन्ही पलंगांवर टॉवेलाचे ससे बसवले होते. दुसऱ्या पलंगाजवळच्या खुंटीला तिने यी-रोंगचा रेनकोट लावला. मग वर जाऊन घसरगुंडीवर बसली, पुढे एका माणसाची जागा सोडून. खाली येताना तिच्या तोंडून किंकाळी निघाली. बाकीची पोरं ओरडत होती तशीच. फक्त पाण्यातून बाहेर आल्यावर त्यांचं ओरडणं थांबलं, हिचं नाही.

पेई-शान परत आली. आजही त्याच दुकानात गोळे वळते. पाऊस आला की दाराकडे बघते. आईला लेकीचं हसणं पुरलं. हिला अजून पुरत नाही.

तेव्हा ऐकणाऱ्यांनो, एवढंच मागणं आहे. कधी पूल ओलांडाल, कधी होडीत पाय ठेवाल, तेव्हा कडेला थोडी जागा सोडा आणि यी-रोंगची आठवण काढा. तेवीस वर्षांची पोर होती. घसरगुंडीवर बसायचं राहून गेलं तिचं.