एका वेळी दोन पानं

हेगेवाल्डचं पत्र आलं तेव्हा झाडांची पानं गळत होती. मग नाताळ झाला, नदीवरचा बर्फही फुटायला लागला, तरी ट्राउगॉट म्यूलिशचं उत्तर गेलं नव्हतं. त्यानं ते लिहिलं मात्र पुष्कळदा. एका मसुद्यात तो नकळत लॅटिनमध्ये शिरला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचंच म्हणणं कळायला त्याला शब्दकोश काढावा लागला. जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलेल्या माणसाला हे शोभत नव्हतं. पण आपल्याला शोभेल असं आपण फारसं कधी केलं आहे, असा म्यूलिशचा दावाही नव्हता.

लाइपझिगमध्ये त्या काळी दर दुसऱ्या जिन्यावर एक संगीतकार राहायचा. त्यांत आर्नुल्फ हेगेवाल्डच्या सिंफनी सर्वांत लांब. नवी रचना पुरी झाली की वाद्यवृंदाकडे जाण्याआधी ती त्याच्या दिवाणखान्यात वाजायची. एकाच पियानोवर तो आणि त्याची बायको हेडविग, चार हातांनी. मंडळी आधी कॉफी पीत, आलुबुखाराचा केक हातानंच खात आणि मग गप्प बसत. पानं उलटायचं काम म्यूलिशकडे असे. तेवढ्या एका कामावर तो त्या मंडळींत टिकून होता. गाता येत नाही, वाजवता येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. पण पानाचा कोपरा धरून उभं राहता येतं.

त्या संध्याकाळी तेही जमलं नाही. स्वरलिपी त्याला आदल्या दिवशी चाळायला मिळाली होती. संथ भागाच्या मधोमध एक जागा होती. बाकी सगळं थांबतं आणि एकच सूर, कुणी अंधाऱ्या जिन्यावर हातानं कठडा शोधावा तसा, खाली उतरत जातो. म्यूलिशनं घरी खिडक्या बंद करून ती जागा एका बोटानं वाजवली आणि मग बराच वेळ नाक शिंकरत बसला. दुसऱ्या दिवशी ती खरोखर ऐकायला मिळणार म्हणून तो इतका उतावीळ झाला, की त्यानं कोपरा फार आधीच धरून ठेवला. अंगठा केकच्या पाकानं चिकट झालेला. दोन पानं एकदम उलटली. ती जागा गेली.

सुरावट योगायोगानं पुढं बेमालूम जुळली. नवराबायको थांबले नाहीत. शेवटी सगळे उठून म्हणाले, हेगेवाल्डला आटोपतं घेणं अखेर साधलं.

आठवड्याभरात पत्र आलं. संगीतावरचं खरं मत तोंडावर विचारायचं नाही, हा त्या घरचा शिरस्ता होता. तोंडावर सगळेच वाहवा करतात. हेगेवाल्डनं लिहिलं होतं, ‘तुमच्या हाताला जे कळलं ते माझ्या कानाला कळलं नव्हतं. ती पानं काढूनच टाकू का? निर्णय तुमचा.’

आयुष्यात प्रथमच कुणी म्यूलिशला जाणकार म्हटलं होतं. खरं सांगावं तर जाणकारी जाते आणि उरतो फक्त खरकटा अंगठा. खोटं सांगावं तर ती जागा जाते. तेव्हा त्यानं आपला नेहमीचा मार्ग धरला, म्हणजे काहीच केलं नाही. उलट हेगेवाल्डकडच्या गुरुवारच्या कॉफीला लोक त्याच्याकडे आदरानं बघायचे ते त्याला आवडायलाही लागलं. एकदा तर कुणाच्या तरी गाण्यावर त्यानं नुसती भुवई उचलली आणि बिचाऱ्यानं एक कडवं गाळलं.

मार्चमधल्या एका दुपारी बिअरच्या ठरल्या टेबलावर चेलो वाजवणारा क्रेत्शमार त्याच्या शेजारी येऊन बसला.

“काय हेर डॉक्टर, सिंफनी सोमवारी छपाईसाठी कोरणाऱ्याकडे चालली. तुमची काटछाट करून.”

“माझी?” म्यूलिश म्हणाला. “मी तर काहीच बोललो नाही.”

“तेच तर. हेगेवाल्ड म्हणतो, म्यूलिश गप्प आहे म्हणजे ठाम आहे. परवा शेवटच्या भागातलीही चार पानं फाडली त्यानं. तुम्ही आणखी दोन वर्षं गप्प बसलात तर त्याच्या सगळ्या सिंफनी एका बैठकीत उरकतील.”

टेबल हसलं. म्यूलिशही सवयीनं हसला. मग बिअर तशीच ठेवून घरी आला. धातूच्या पत्र्यावर एकदा कोरलं की कायमचंच.

त्याची बहीण क्लोटिल्डे स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. ती सोलतच राहिली.

“दोन गल्ल्यांवर तर राहतो तो. जाऊन सांग की.”

“तोंडानं नाही जमणार मला.”

“आणि कळल्यावर परत बोलावतील तुला?”

“पानं उलटायला तर नाहीच.”

“मग गुरुवारी घरी बसशील. माझ्या डोक्यावर.” तिनं सुरी खाली ठेवली. “ती जागा एवढी चांगली आहे का रे?”

“आहे,” म्यूलिश म्हणाला. एवढं ठाम आपण काही बोलू शकतो, याचं त्यालाच नवल वाटलं.

“मग लिही. आणि जर्मनमध्ये लिही.”

त्यानं उभ्याउभ्याच लिहिलं, बसलो तर सुधारणा सुचतील म्हणून.

‘आदरणीय हेर हेगेवाल्ड, ती पानं मी ठरवून उलटली नाहीत. माझ्या अंगठ्याला केकचा पाक होता. मला संगीतातलं काही कळत नाही. पण त्या संध्याकाळी मी फक्त तीच जागा ऐकायला आलो होतो. ती काढू नका. फाडलेली चार पानंही परत चिकटवा. ती तर मी एकेक करून नीट उलटली होती, तेव्हा माझ्यामुळं ती फाडणं बरं नव्हे. आपला, ट्राउगॉट म्यूलिश.’

परत वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून त्यानं वाचलं नाही. तिकीट लावलं, टोपी विसरून खाली उतरला आणि कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीशी थांबला. एक बाई मागं उभी होती. तिला वाट बघायला लावणं त्याला प्रशस्त वाटेना. तिची क्षमा मागत त्यानं पत्र आत टाकलं.